गोळी, जीव आणि आत्याबाई

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कुणी म्हणायला नको की बाई फारच फाडफाड बोलली. आम्ही कोल्हापूरची माणसं. आमचं मायेचं बोलणंसुद्धा परगावच्या पाहुण्याला भांडण वाटतं. आणि आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. लिहिताना मी शाळेत शिकवलेलं मराठी लिहिते, पण तोंड उघडलं की तेच बाहेर येतं.

ही हकिगत नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. धाकटी मुलगी झाली तेव्हा मी मरता मरता वाचले. रक्त थांबेना. राजारामपुरीतल्या ज्या डॉक्टरीणबाईंकडं माझं नाव घातलं होतं, त्यांनी बाटल्यांवर बाटल्या लावल्या आणि मला अक्षरशः ओढून काढलं. घरी सोडताना त्यांनी आमच्या ह्यांना आणि सासूबाईंना खाटेजवळ बोलावलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “निदान तीन वर्षं हिला दिवस जाता कामा नयेत. गेले तर ही वाचेल अशी खात्री मी देणार नाही. नंतर येऊन माझ्यासमोर रडायचं नाही.”

दोघांनीही माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं?

आमचे हे स्वभावानं गरीब. उद्यमनगरात ह्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप, अंगाला कायम कुलंटचा, म्हणजे यंत्राच्या तेलपाण्याचा वास, बोलणं मोजकं. घर आमचं कळंब्याला. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याआधी दोन वर्षं वारले, तेव्हापासून सासूबाई कागलचं घर बंद करून आमच्याकडं राहायला आल्या होत्या. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. तर घरात आम्ही दोघं, दोन मुली आणि आत्याबाई.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले सगळे मार्ग मी एकेक करून तपासले. तांबी बसवली तर आधीच जास्त जाणारं रक्त आणखी जाईल, म्हणून बाईच नको म्हणाल्या. माझं ऑपरेशन, तर अंगात रक्त नाही. ह्यांचं ऑपरेशन म्हटलं तर ह्यांचा चेहरा असा झाला, जणू लेथमध्ये बोट सापडलंय. निरोध वापरून बघितला. एकदा तो फाटला आणि पुढचे तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला. राहता राहिल्या गोळ्या. बाळ वरचं खायला लागल्यावर बाईंनी त्या लिहून दिल्या.

आता मी बी.एस्सी. झालेली. गप्प गिळून टाकायची तर नाही, मी विचारलं, “बाई, ही गोळी नेमकं करते काय?” त्यांनी चिठ्ठीच्याच कागदावर पेन्सिलीनं गर्भाशय काढलं आणि समजावलं. पहिलं म्हणजे अंडं बाहेरच पडत नाही. दुसरं, गर्भपिशवीच्या तोंडाशी चिकट स्राव घट्ट होतो, पुरुषाचं बीज वर चढत नाही. आणि तिसरं, पिशवीचं आतलं अस्तर पातळ राहतं. त्यामुळं समजा एखाद्या महिन्यात अंडं सुटलंच, फळलंच, तरी त्याला कदाचित रुजायला जागा मिळणार नाही.

“म्हणजे जीव आलेला असंल तर?” मी विचारलं.

“मी कदाचित म्हणाले,” बाई म्हणाल्या. “एवढं खोलात जाऊ नकोस. रोज रात्रीच्या जेवणानंतर एक.”

“आम्ही रात्री जेवत नाही, बाई.”

“मग दिवसाच्या जेवणानंतर घे की गं! पण घे!”

मी घरी आले ती ते ‘कदाचित’ घेऊन. ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. पण मी जैनाची पोर. आमच्या अंगणात विहीर होती. पाणी शेंदून दुपदरी कापडातून गाळायचं आणि कापडाला लागलेले बारीक जीव पुन्हा पाण्यानं धुऊन त्याच विहिरीत अलगद सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जिवांसाठी माझी आई आजारपणातसुद्धा उठून बसायची. मी लहानपणापासून तेच करत आलेले. बटाटा खाल्ला नाही, मध चाखला नाही. आणि आता स्वतःच्या पोटात आलेला जीव, तोही माझा आणि ह्यांचा, जागा न देता घालवायचा? कदाचित? ते ‘कदाचित’ मला रोज जेवताना आठवायचं. गोळी घशाखाली जायची, पण घास जात नव्हता.

दोन महिने मी कुणाला काही बोलले नाही. मग एकदा आत्याबाईंनी मला गोळी घेताना बघितलं.

“कसली गं गोळी?”

मी लपवाछपवी करत नाही. सगळं सांगितलं, ते तिसरं कलमसुद्धा. आत्याबाई ऐकून घेत होत्या. त्यांचं ऐकणं म्हणजे नजर समोरच्या भिंतीवर आणि ओठ घट्ट मिटलेले. शेवटी म्हणाल्या, “जीव जातोय म्हणतीस न्हवं त्यात? मग नको. आपल्या घरात नको.”

“आणि मी मेलो तर?”

“मराय कशाला पायजे? संयम ठेवा. आम्ही न्हाय ठेवला?”

त्यांनी ठेवला होता, हे खरंच होतं. आत्याबाईंनी ऐन तरुणपणी आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं होतं, हे आमच्या समाजात सगळ्यांना ठाऊक. कागलच्या बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, त्यांचा सत्कार झाला होता. लग्न ठरताना माझ्या वडलांना मध्यस्थानं पहिल्यांदा सांगितलं ते हेच, की घर व्रताचं आहे, बाई तपस्वी आहे. आता तपस्वी बाईपुढं तुम्ही काय बोलणार? माझ्या मनात आलं, आत्याबाईंना नातू पाहिजे. दोन मुलींवर थांबायला नको म्हणून धर्म आडवा घालताहेत. मी तसं तोंडावर बोललेसुद्धा. आत्याबाईंनी नुसतं बघितलं माझ्याकडं आणि उठून गेल्या.

पण खरं सांगू का? त्यांनी नको म्हटल्यावर मला बरंच वाटलं. माझ्याच मनातलं दुसऱ्यानं बोलून दाखवलं, की सुटल्यासारखं होतं. मी गोळ्या बंद केल्या. ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “तू म्हणशील तसं.” मला ह्या वाक्याचा इतका संताप यायचा! अरे, तुझं काही म्हणणं आहे की नाही? ह्यांनी मग काही न म्हणता आपली गादी बाहेर सोप्यात टाकली. विचारणाऱ्याला सांगायचे, आत उकडतंय. श्रावणात कळंब्याला तळ्यावरनं येणारा वारा असा, की गोधडी लागते. आणि ह्यांना म्हणे उकडतंय! मुली झोपल्या की मी इकडं, हे तिकडं. दिवसासुद्धा आम्ही एकमेकांशी दूधवाल्याशी बोलावं तेवढंच बोलायला लागलो. चुकून ताट देताना बोटाला बोट लागलं तरी दोघं दचकायचो. चांगलं हसतखेळत चाललेलं आमचं असं झालं, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

अशात पर्युषण जवळ आलं. कोल्हापुरातल्या बस्तीत मोठं विधान होणार होतं, दहा दिवसांची पूजा, आणि त्यात आम्हा सासूसुनांची नावं दिलेली. आत्याबाई माझ्या तारखांवर नजर ठेवून असायच्या. एके सकाळी त्या अक्षतांचा डबा घेऊन स्वयंपाकघरात आल्या. केशरात रंगवलेले तांदूळ, लवंगा, बदाम, पूजेचं सगळं त्या डब्यात असायचं. आणि त्यातच खाली ठेवलेली गोळ्यांची एक पट्टी. ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली.

“आजपासनं सुरू कर. म्हंजे विधानात अडचण यायची न्हाय.”

पाळी लांबवायच्या गोळ्या. आमच्याकडं बायका त्यांना अडचणीच्या गोळ्या म्हणतात. पूजा असो, पंचकल्याणक असो, आत्याबाईंच्या डब्यात त्या असणारच. गल्लीतल्या लेकीसुनासुद्धा त्यांच्याकडून घेऊन जायच्या. आणि त्या देताना आत्याबाई डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायच्या, हे मी स्वतः बघितलेलं.

माझं डोकं सटकलं. “आत्याबाई, ह्या गोळ्या कसल्या असतात, ठाव हाय का तुम्हाला?”

“अडचणीच्या.”

“अवो, त्याच की ह्या! त्याच जातीचं औषध! पोर होऊ नये म्हणून घेतलं की पाप, आणि बस्तीत बसाय मिळावं म्हणून घेतलं की पुण्य? ह्यात न्हाय व्हय जीव जात? का देवाच्या नावानं घेतली की गोळी सोवळी होती?”

मी आणखीही पुष्कळ बोलले. आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. धाकटी रडायला लागली. आत्याबाईंनी उलट उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या खाली बसल्या. डब्यातल्या पिवळ्या अक्षतांकडं बघत राहिल्या. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच बघत होते. मामंजी गेले तेव्हासुद्धा त्या अशा दिसल्या नव्हत्या.

“मी किती जणींना दिल्या असतील गं,” त्या हळू म्हणाल्या. “चल. त्या डॉक्टरणीकडं चल. मला इचारायचंय.”

मुलींना शेजारी ठेवून आम्ही बसनं राजारामपुरीत गेलो. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आत्याबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. उभ्यानंच विचारलं, “ह्या अडचणीच्या गोळ्या आणि त्या पोर न व्हायच्या गोळ्या एकच हायत का?”

“अगदी एक नाहीत. पण एकाच घरातल्या म्हणा. बहिणी बहिणी.”

“जीव मरतोय का त्यात?”

बाईंनी चष्मा काढला. “आजी, पाळी लांबवायची गोळी येणारी पाळी थोपवते. बाई आधीच गरोदर असली तर त्या गोळीनं गर्भ पडतो, असं काही नाही. तरी न विचारता वाटत जाऊ नका. तुमच्या सुनेच्या गोळीचं म्हणाल, तर तिचं मुख्य काम अंडं सुटू न देणं. तिथंच काम संपतं. ते तिसरं मी सांगितलं, ते पुस्तकात लिहिलेलं आहे. तसं घडताना कुणी पाहिलेलं मला माहीत नाही. पण कधीच घडत नाही, अशी शपथ मी घेणार नाही. आणि जीव कधी येतो, ते माझ्या पुस्तकात नाही. ते तुमच्या माताजींना विचारा.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “गोळ्या बंद केल्यास ना? चेहऱ्यावरूनच कळतंय. हे घे. पुन्हा लिहून देते.”

आत्याबाईंनी ती चिठ्ठी माझ्या हातून घेतली, आपल्या कनवटीला खोचली आणि म्हणाल्या, “चल, माताजींस्नी इचारू.”

चातुर्मासासाठी बस्तीत एक आर्यिका माताजी, म्हणजे आमच्या साध्वी, थांबल्या होत्या. पांढरी साडी, लोच केलेलं, म्हणजे हातानं केस उपटलेलं डोकं, शेजारी मोरपिसांची पिंछी. वयानं माझ्याएवढ्याच असतील. घर सोडून, पायी हिंडून, दिवसातून एकदा ओंजळीत जेवणारी ती बाई. मला त्यांच्याबद्दल खरा आदर होता आणि आहे. समोर दहाबारा बायका बसल्या होत्या. आत्याबाईंनी आडवळणानं विचारलं. पण बायकांना काय कळायचं राहतंय?

माताजींनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, “गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही. चूल पेटवली तरी जीव जातात. पण संकल्पी हिंसा, मारायचं असं मनात धरून केलेली, ती गृहस्थानं करायची नाही. तुझ्या मनात मारायचं आहे का?”

“न्हाय, माताजी,” मी म्हणाले. “पण मला ठाव असताना मी घेतो. मग ते मनात धरल्यागत झालं का न्हाय?”

माझा प्रश्न त्यांनी उडवून लावला नाही, हे मला आवडलं. “शंका आहे तिथं न केलेलं बरं,” त्या म्हणाल्या. “संयम आहे की. त्यात कुणाचाच जीव जात नाही. आणि तुला लांब कुठं बघायला जायला पाहिजे? उदाहरण तुझ्या घरात आहे. ह्या आजींनी भर तारुण्यात केवढं व्रत घेतलं!”

बायकांनी आत्याबाईंकडं बघून हात जोडले. एकजण म्हणाली, “पुण्यवान हाईस बघ पोरी, असली सासू मिळाली.” माताजींनी पिंछी उचलली. “तीन वर्षांचा नियम घेतेस? घ्यायचा असेल तर हात जोड.”

आमच्यात नियम म्हणजे थट्टा नव्हे. एकदा घेतला की प्राण गेला तरी मोडायचा नाही. माझ्या डोळ्यांपुढं ह्यांची सोप्यातली गादी आली. आणि त्याच वेळी मनात आलं, घेऊन टाकावा. एकदाचा घोर मिटेल. मरणाची भीती नको, पापाची भीती नको, रोजचं ते ‘कदाचित’ नको. मी हात जोडायला उचलले.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

“आज नको, माताजी,” त्या म्हणाल्या. “हिच्या मालकाला इचारलं न्हाय.”

आणि मला उठवून बाहेर घेऊन आल्या.

कळंब्याच्या बसला वेळ होता. स्टॉपजवळच्या एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. समोरून रिक्षा, स्कूटरी, क्लासला निघालेली पोरं चालली होती. आत्याबाई पदरानं तोंड पुसत होत्या, आणि मला पुन्हा राग यायला लागला होता. मी म्हटलं, “तुम्हीच म्हणालासा संयम ठेवा. मी घ्याय लागलो, तर तुम्हीच हात धरला. करायचं तरी काय माणसानं?”

“मी इचारलं न्हवतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुझ्या मामंजींना. नियम घेताना.”

मग त्या बोलत राहिल्या, माझ्याकडं न बघता. पाच बाळंतपणं झाली, दोन पोरं जगली. पाचव्या खेपेला मूल आडवं आलं होतं. सुईणीनं दारात जाऊन माणसांना सरणाची लाकडं बघायला सांगितलेलं त्यांनी आतून ऐकलं होतं. त्या वाचल्या, मूल गेलं. आणि नंतर नवरा नुसता जवळ आला तरी त्यांचे हातपाय गार पडायचे. त्याला सांगणार कसं? सासूला सांगणार कसं? त्या वर्षी कागलला महाराजांचा चातुर्मास होता. भर सभेत त्या उठून उभ्या राहिल्या आणि आजन्म व्रत मागितलं. तीस वर्षांच्यासुद्धा नव्हत्या.

“महाराज म्हणालं, मालकाची संमती हाय का? सगळी त्यांच्याकडं बघाय लागली. एवढ्या माणसांत न्हाय कोण म्हणंल? त्यांनी मान हलवली. त्यांस्नी बी नारळ दिला, शाल घातली. घरी आल्यावर ते शाल घडी करून ठेवत हुते, आणि मला म्हणालं, मला आधी सांगायचं हुतंस की. एवढंच. त्या दिसापासनं मळ्यात झोपाय लागलं. लोकांस्नी वाटायचं, उसाला पाणी पाजाय रातची लाईट असती म्हणून.”

एक बस आली. आमची नव्हती.

“व्रत न्हवतं गं ते, पोरी. भ्या हुतं. माझ्याकडं गोळी न्हवती, तांबी न्हवती, काय न्हवतं. देवाच्या आड जाऊन लपलो मी. आणि लोक पाया पडाय लागली. मग मला बी ते खरं वाटाय लागलं. ते गेल्यावर त्यांस्नी शेवटचं पाणी घालताना त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तवा ध्यानात आलं, इतक्या वर्सांत ही पाठ मी बघितलीच न्हवती. म्हातारी झालती पाठ.”

मी रडत होते. तरी विचारल्याशिवाय राहवलं नाही. “मग मला गोळीपासनं का अडवलंत, आत्याबाई? सगळं ठाव असून?”

आत्याबाईंनी आता माझ्याकडं बघितलं. “गोळी चालती म्हटलं असतं, तर माझी एवढी वर्सं कशात गेली म्हणायची?”

मी पदरानं डोळे पुसले.

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. रस्त्यापलीकडं औषधाचं दुकान होतं. तिथं चारपाच गिऱ्हाईकं उभी, त्यात आमच्या समाजातले एक गृहस्थसुद्धा. जिला लोकांनी हात जोडून वाट द्यावी, अशी ती व्रताची बाई गर्दीत घुसली, कनवटीची चिठ्ठी काढून फळीवर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, “पोर न व्हायच्या गोळ्या द्या. माझ्या सुनंला पायजेत.”

दुकानातल्या माणसानं मान वर केली नाही. ते गृहस्थ मात्र बघतच राहिले. आत्याबाई पुडकं घेऊन परत आल्या आणि ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

“ह्यात जीव जातोय का न्हाय, मला ठाव न्हाय. डॉक्टरणीला ठाव न्हाय, माताजींस्नी ठाव न्हाय. संयमात काय जातंय, ते मला ठाव हाय,” त्या म्हणाल्या. माझ्या मुठीवर त्यांनी आपला हात तसाच ठेवला होता. “पाप लागलं तर ते तुलाच लागंल, पोरी. आपल्यात कुणाचं कर्म कुणाला घेता येत न्हाय. न्हायतर मी घेतलं असतं.”